मिटणार कोण?

गोदामात त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्याला किंतू म्हणत, अर्थात पाठीमागे. कुठलीही गोष्ट त्याच्यापुढे ठेवा, त्याच्या मनात किंतू आलाच म्हणून समजा. सकाळी बायकोनं चहा पुढे केला की हा आधी कपाकडे बघणार, मग तिच्याकडे, आणि मग विचारणार, "आज एवढा गोड का?" बिचारी काय सांगणार? साखर जास्त पडली म्हणावं, तर साखर टाकताना हिचं लक्ष कुठे होतं याचा घोर हा संध्याकाळपर्यंत लावून घ्यायचा.

अशा माणसाचं कुठेच जमत नाही म्हणतात. याचं जमलं होतं. कापडाच्या मोठ्या गोदामात बाहेरून आलेला माल तपासून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. तरटात शिवलेले गठ्ठे गाडीतून उतरायचे. किंतू खिशातला चाकू काढायचा, शिवण उसवायचा, आत हात घालून तागे चाचपायचा. वरचे चार तागे झकास आणि खाली ओल लागलेले, मधेच एखादा फाटका, एखादा भलत्याच रंगाचा, सगळं याच्या बोटांना कळायचं. माल पाठवणारे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. त्याचा नियम एकच होता आणि तो सगळ्या गोदामाला पाठ होता: उघडलेला माल मी तपासत नाही. ज्यानं गठ्ठा उघडला त्यानं आत काय घातलं, काय काढलं, मला काय ठाऊक? मी उघडीन, मीच बघीन, आणि मगच सही करीन.

मग तो अपघात झाला. थप्पीखाली उभा राहून तो गठ्ठ्यांवरच्या खुणा वाचत होता आणि वरून एक गठ्ठा सरळ त्याच्या उजव्या खांद्यावर आला. हाड सांधलं, पण आतल्या शिरा तुटल्या त्या तुटल्याच. हात होता तिथेच राहिला, फक्त कामाचा राहिला नाही. बाहीतून नुसता लोंबायचा. रात्री कुशीवर वळताना तो हात आधी उचलून बाजूला ठेवावा लागे आणि मग स्वतः वळावं लागे.

त्या वेळी थप्पीवर पहिलवान होता. पहिलवान म्हणजे गोदामातला एक हमाल. अंगावर मूठभर मांस नाही, वारा आला तर खांबाला धरावं लागेल असा, म्हणून तर लोकांनी पहिलवान हे नाव ठेवलेलं. सगळे म्हणाले, गठ्ठा पडला. मालक म्हणाला पडला, हमाल म्हणाले पडला, दवाखान्यात बायकोही म्हणाली, "पडलं हो, त्याला कोण काय करणार?" किंतूच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पडलं, की पाडलं? एका कान्याचा काय तो फरक, पण त्या कान्यानं त्याची झोप उडवली. कारण अपघाताच्या थोडंच आधी त्यानं पहिलवानाला गठ्ठ्यांच्या आडोशाला विडी ओढताना पकडून मालकापुढे उभं केलं होतं. कापडाच्या गोदामात विडी! मालकानं त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय होणार? आणि हा तर किंतू.

पण विचारलं का त्यानं? छे! संशयी माणूस कधी विचारत नाही, तो नुसता बघत राहतो. हा कामावर परतला आणि पहिलवानाकडे बघत राहिला. पहिलवानही याला बघितलं की खाली मान घालायचा. झालं, किंतूला तेवढं पुरलं. मन साफ असतं तर मान खाली कशाला गेली असती?

मोठी पंचाईत चाकूची होती. जुना चाकू नखानं ओढून उघडायचा. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या नखात पात्याची खाच. आता दुसरा हात आणायचा कुठून? पहिल्याच आठवड्यात त्यानं मूठ दाढेखाली धरली आणि डाव्या हातानं पातं ओढलं. पातं उघडलं, पण पुढच्या दाताचा टवका उडाला आणि ओठातून रक्त आलं. आसपास कुणी नाही असं त्याला वाटलं होतं. थप्पीच्या कोपऱ्यावर पहिलवान उभा होता. तो तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून किंतू कामावर यायच्या आधीच गठ्ठ्यांची तोंडं उसवलेली असायची. पहिलवान लवकर येऊन ती उसवून ठेवायचा.

"कुणी सांगितलं तुला?" किंतू कडाडला.

"कुणी नाही. म्हटलं, तुमचा तेवढाच वेळ वाचेल."

"माझा वेळ वाचवायला तुला ठेवलाय होय? पुन्हा शिव."

"काका, आता उसवलंय तर..."

"दाभण आण, सुतळी आण, आणि शिव म्हणतो ना!"

आणि त्या वेड्या माणसानं खरोखर सगळे गठ्ठे पुन्हा शिवून घेतले. पहिलवान मुकाट्यानं दाभण टोचत होता, हा शेजारी उभा राहून टाका न् टाका बघत होता. शिवून झाल्यावर मग ते उघडायचे कसे? पुन्हा दाढेखाली चाकू! बाकीचे हमाल तोंडावर हात धरून हसायचे. एकदा उघडलेला गठ्ठा परत शिवला तरी तो उघडलेलाच, हे त्यालाही कळत होतं हो. पण पाठ फिरवली की पहिलवान आत काय करतो, हे डोक्यातून जाईना. नक्की काहीतरी काळंबेरं होतं.

घरी सांगायची सोय नव्हती. पहिलवान एकदा फळं घेऊन घरी येऊन गेला होता, नेमका हा झोपलेला असताना. "विचारपूस करायला आला होता," बायको म्हणाली. "विचारपूस, की टेहळणी?" यानं विचारलं. तिनं फळांची पिशवी त्याच्यासमोर उपडी केली. "घ्या, तपासा. एखाद्यात विष असेल तर सांगा, मी दुसरं कापते." ती तरी किती दिवस ऐकून घेणार?

पण चाकूवर तिनं बरंच डोकं लढवलं होतं. तिनं आणलेली कात्री डाव्या हातात नुसती चावायची, कापायची नाही. कागद कापायचं सरकतं कटर तरटात कट्कन मोडलं आणि तुकडा ताग्यात गेला. तो शोधता शोधता किंतूला घाम फुटला. घरातली सुरी न्यावी, तर उघडं पातं कुणीही जवळ बाळगायचं नाही, असा मालकाचा सक्त हुकूम. म्हणून शेवटी ठरलं, की एका हातानं उघडेल असा घडीचा चाकू घ्यायचा.

घाई करायला कारणही होतं. मालक पोरगेलासा होता, वडिलांच्या जागी नुकताच बसलेला. वागायला गोड, आणि किंतूला गोड बोलणाऱ्याचीच जास्त धास्ती. एके दिवशी तो म्हणाला, "काका, फाटकावर तुमच्यासाठी खुर्ची टाकू का? सावलीत बसायचं, आल्यागेल्या गाड्यांचे नंबर बघायचे. पुढची मोठी गाडी येऊ दे, त्यानंतर ठरवू." किंतू घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. खुर्ची म्हणे! आयुष्यभर मालाच्या पोटात हात घातलेल्या माणसानं आता गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

हत्यारांचं दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा साखळीला अडकवून गळ्यात, केस घट्ट बांधलेले, नजर अशी की गिऱ्हाईक आत येताच त्याचे खिसे बाहेरूनच चाचपावेत. किंतू आत शिरला तेव्हा त्याचा मेलेला हात जाकिटाच्या खिशात होता. बाहेर पडताना तो हात असाच खिशात कोंबायचा. लोकांच्या 'अरेरे'ची त्याला शिसारी होती.

"एका हातानं झटकन उघडेल असा चाकू पाहिजे," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कशाला?"

"उघडायला."

"काय उघडायला?"

"गठ्ठे."

"गठ्ठे कुठे पळून जातात की काय? झटकन कशाला?" बाईंनी काचेखालचा ट्रे बाहेर काढता काढता परत आत ढकलला. "आणि तो दुसरा हात खिशात का?"

"माझा हात, माझा खिसा. तुम्हाला काय करायचंय?"

"मग चाकूही तुमच्याच घरचा वापरा. मी असल्या माणसाला विकत नाही."

असल्या माणसाला! उभा जन्म किंतूनं जगावर संशय घेतला होता, पण त्याच्यावर कुणी घेतला नव्हता. त्याचे कान तापले. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं. ही बाई त्याला गुंड समजत होती. कीव करण्यापेक्षा हे शतपटीनं बरं. तो तसाच बाहेर पडणार होता, पण फाटकावरची खुर्ची डोळ्यांपुढे आली. त्यानं डाव्या हातानं उजवा हात खिशातून ओढून काढला आणि सरळ काचेवर ठेवला.

"घ्या. तपासा."

बाई 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. त्यांनी वाकून बोटं बघितली, मनगट उचललं, सोडलं. हात धप्पकन काचेवर पडला. "उजवा गेला होय," त्या म्हणाल्या. "मग अवघड आहे. बनवणारे सगळे उजवे. एका हाताचा म्हणून विकतात, पण तो एक हात उजवाच धरतात मेले." आणि त्यांनी ट्रे बाहेर काढला.

"बटणाचा दाखवा," किंतू म्हणाला.

"बटणाचा मी ठेवत नाही. मारामाऱ्या करणाऱ्यांना लागतो तो."

मग त्यांनी दोन चाकू पुढे ठेवले. पहिल्याच्या पात्याला गोल भोक होतं. त्यात अंगठा रुतवून वर ढकललं की पातं सुळकन उघडायचं. डाव्या हातानंही छान उघडलं. किंतूचा चेहरा उजळला, पण लगेच त्याच्या मनात किंतू आला. त्यानं पात्याची पाठ काचेच्या कडेवर दाबली. पातं मुकाट्यानं मिटलं.

"हे काय? मधेच मिटतं?"

"याला आत खटका नाही. जोर उलटा लागला की मिटतं. सांभाळून वापरायचं."

"आणि बोट आत असलं तर?"

"तर बोट आतच राहील."

किंतूनं तो चाकू असा खाली ठेवला की जणू तो चावला असता. पाचच बोटं उरली होती त्याच्याकडे. दुसऱ्या चाकूच्या पात्याला बुडाशी उंचवट्यासारखं बोंड होतं. अंगठ्यानं ते रेटलं की पातं उघडून आत खट् असा आवाज यायचा. काचेवर दाबलं, हललं नाही. टेबलाच्या लाकडात रोवून पिळलं, हललं नाही. आता मिटायला गेला तर मिटेना. खटक्याची पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीची, नेमकी पलीकडच्या बाजूला. डाव्या हातानं ती दाबायची म्हणजे तर्जनी पात्याच्या वाटेतच घालावी लागे. दोनदा धडपडला. तिसऱ्यांदा पट्टी सुटली, पातं खाली आलं आणि बोटाला ओरखडा काढून गेलं.

बाईंनी चाकू त्याच्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी मिटून काचेवर ठेवला. "उघडाल तुम्ही. मिटणार कोण?"

तो बोटावरचा ओरखडा चोखू लागला.

"पहिला घेतलात तर कुणाची गरज नाही, पण चाकूवर भरवसा ठेवावा लागेल. हा घेतलात तर चाकू दगा देणार नाही, पण मिटायला माणूस लागेल. घरी कोण आहे?"

"बायको."

"आणि कामावर?"

कामावर कोण होतं? हसणारे हमाल, गोड बोलणारा मालक, आणि तो पहिलवान. किंतूनं दोन्ही चाकूंकडे आळीपाळीनं बघितलं. आपोआप मिटणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्यानं खटक्याचा चाकू उचलला आणि पैसे दिले. मिटायचं आपण शिकू, असं त्यानं स्वतःला बजावलं.

शिकला का? कसलं काय! घरी त्यानं सगळे प्रयोग केले. टेबलाची कड झाली, गुडघा झाला, दाराची फट झाली. "द्या इकडे, मी मिटते," बायको म्हणायची. "आणि उद्या गोदामात काय तुला पदराआड घेऊन जाऊ?" हा फिस्कारायचा. कधी मिटायचा, कधी नाही. नवा खटका ताठ होता आणि डाव्या हाताला उजव्याची अक्कल नव्हती. अशातच मोठी गाडी आली.

गठ्ठे उतरले. मालक मुद्दाम बघायला येऊन उभा राहिला. पहिलवान सवयीनं पुढे झाला, गठ्ठ्याजवळ वाकला, कमरेची कनवटी चाचपू लागला. तिच्यात त्याचा चाकू असायचा.

"हात लावू नकोस!" किंतू ओरडला.

त्यानं खिशातून नवा चाकू काढला. अंगठ्यानं बोंड रेटलं. खट्. सगळ्यांनी ऐकलं. पातं सुतळीखाली गेलं आणि शिवण एका दमात उसवत गेली. चाकू मालकाच्या डोळ्यांदेखत गठ्ठ्यावर उघडाच ठेवून त्यानं आत हात घातला. कितीतरी महिन्यांनी तो दुसऱ्या कुणी न उघडलेल्या गठ्ठ्यात हात घालत होता. तागे कोरडे होते, घट्ट होते, थंड होते. त्याचे डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून तो आणखी खाली वाकला.

"वा, काका!" मालक म्हणाला. मग त्याची नजर गठ्ठ्यावर गेली. "पण तो चाकू आधी मिटा. उघडं पातं मला इथे चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

किंतूनं चाकू उचलला. गठ्ठ्यावर पात्याची पाठ टेकवून बोटानं खटका दाबू लागला. मऊ तरटात पातं नुसतं रुतलं. मांडीवर केलं, जमेना. कपाळावर घाम आला. हमाल आता हसत नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं.

मालकाचा फोन वाजला. "मी बोलून येतो," तो म्हणाला, आणि जाता जाता अगदी गोड आवाजात पुढे म्हणाला, "मिटला नाही तर राहू द्या. मग उद्यापासून फाटकावरच बसा, काका." बाकीचे हमाल पुढचे गठ्ठे उतरवायला गाडीकडे गेले. गठ्ठ्यापाशी दोघेच राहिले.

पहिलवान हात पुढे करावा की नाही अशा घोटाळ्यात उभा होता. किंतूच्या हातात उघडा चाकू होता. आणि इतके महिने गिळलेली गोष्ट त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"खरं सांग. पडलं, की पाडलं?"

पहिलवानाचा चेहरा पांढराफटक झाला. कुठल्या गठ्ठ्याबद्दल विचारतोय हे सांगावं लागलं नाही.

"सुटलं," तो म्हणाला.

"काय?"

"सुटलं, काका. माझ्या हातातून. गठ्ठा जड होता, दुसऱ्या कुणाला हाक मारायची लाज वाटली. पहिलवान म्हणून आधीच हसतात. म्हटलं एकट्यानं फिरवतो. बोटं घसरली आणि सुटलं. सगळे म्हणाले पडलं, मी पण पडलंच म्हणालो."

किंतू त्याच्याकडे बघतच राहिला. पडलं आणि पाडलं, दोनच शब्द घेऊन तो इतके दिवस जळत होता. तिसरा असू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हातून काय कमी सुटत होतं? कालच पेला सुटला होता, परवा किल्ल्या. बायकोनं एकदाही विचारलं नव्हतं, की सुटला की सोडलात.

"मग आत्तापर्यंत सांगायला काय तुझी जीभ झडली होती?" तो भडकून म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठे?" पहिलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तुम्ही नुसते बघत होता. मला वाटायचं तुम्हाला कळलंय. दातानं चाकू उघडताना बघितलं तुम्हाला, आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. म्हणून उसवून ठेवत होतो गठ्ठे. तुम्ही परत शिवायला लावलेत, ते शिवले. मला काय, मी जन्मभर शिवत बसलो असतो."

गाडीपलीकडून मालकाचं बोलणं ऐकू येत होतं, ते आटोपत आलं होतं. किंतूनं चाकूकडे बघितलं. चाकू दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर मूठ त्याच्याकडे करून द्यायची. दोन हातांच्या माणसाला त्यात विशेष काही नाही. पण याला तर एकच हात. मूठ गठ्ठ्याला टेकवून त्यानं पकड हळूहळू पुढे सरकवली, खटक्यावरून, बोंडावरून, आणि शेवटी ते धारदार पातं आपल्या पाच बोटांत धरलं. मग मूठ पहिलवानापुढे केली.

पहिलवानानं मूठ धरली, पण ओढली नाही. किंतूनं एकेक बोट उचललं आणि पातं मोकळं केलं.

"मिट," तो म्हणाला. "आणि दोन्ही हातांनी धर रे बाबा. नाहीतर परत म्हणशील, सुटलं."